चालढकल कां होते?



काम वेळेवर न करणाऱ्या माणसास आपण सरसकट आळशी म्हणतों. शाळेंतले गुरुजी, घरांतलीं वडील माणसें आणि कचेरींतले वरिष्ठ या सर्वांचें या एका शब्दावर एकमत असतें. भगवद्गीता मात्र या बाबतींत अधिक काटेकोर आहे. अठराव्या अध्यायांत तामस कर्त्याचीं लक्षणें सांगतांना तेथें ‘अलस’ हा शब्द वेगळा आणि ‘दीर्घसूत्री’ हा शब्द वेगळा आला आहे; आणि या दोहोंच्या मध्यें ‘विषादी’, म्हणजे खिन्न मनाचा, असा तिसरा शब्द बसला आहे. तो छंदाच्या सोयीनें तेथें बसला असें कोणी म्हणेल. पण दीर्घसूत्रीपणाचा खरा शेजार आळसाशीं नसून खिन्नतेशीं आहे, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांना गेल्या तीस-चाळीस वर्षांतील प्रयोगांवरून पटूं लागली आहे. आणि आज मला त्या शेजाराविषयींच थोडें बोलावयाचें आहे.

आळशास काम नको असतें, आणि तें न केल्याची त्याला खंतही नसते. दुपारच्या जेवणानंतर तो सुखानें आडवा होतो आणि सायंकाळीं प्रसन्न मुद्रेनें उठतो. चालढकल करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला तें काम करावयाचें असतें. पुष्कळदां तें त्याच्या जिवाभावाचें असतें. तो झोपा काढीत नाहीं. उलट, ज्या दिवशीं एखादें महत्त्वाचें पत्र लिहावयाचें असतें त्याच दिवशीं तो पुस्तकांचें कपाट झाडून काढतो, जुन्या पावत्या तारखेप्रमाणें लावतो, दाराच्या बिजागरीला तेल घालतो आणि शेजाऱ्याच्या नळाचीही चौकशी करून येतो. दिवसभर त्याच्याइतका उद्योगी मनुष्य आळींत दुसरा नसतो. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र तें राहिलेलें पत्र त्याच्या छातीवर येऊन बसतें.

आपल्या भाषेनें या दोषास दिलेलें नांव मोठें बोलकें आहे. चालढकल करणारा काम टाकून देत नाहीं; पायानें थोडें पुढें सरकवितो, आणि तेथें पोंचला म्हणजे पुन्हां सरकवितो. टाकून दिलें असतें तर निदान वाट तरी मोकळी झाली असती!

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार विद्वत्तेचा नाहीं, अपराधाचा आहे. तो अपराध आधीं सांगतों, म्हणजे पुढचें विवेचन कोरडें वाटणार नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या शिक्षकांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या गांवाहून मला एक वही पाठविली. सेवानिवृत्त झाल्यापासून ते किनाऱ्यावरच्या खारव्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे वाऱ्यापावसाचे व भरती-ओहोटीचे शब्द गोळा करीत होते. पुनव-अंवसेच्या सुमारास पाणी चढतें तें उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास मंदावतें तें भांग. समुद्रावरून येणारा तो खारा वारा, आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो मतलई. अशा शब्दांनीं ती वही अकारापासून मकारापर्यंत भरली होती. सोबतच्या पत्रांत त्यांनीं लिहिलें होतें, “वही सवडीनें चाळ, आणि पुढचा भाग उतरून काढण्यासारखा आहे कीं नाहीं तेवढें दोन ओळींत कळव.” पत्राबरोबर एक पोस्टकार्ड होतें. त्यावर त्यांनीं आपला स्वतःचा पत्ता वळणदार अक्षरांत आधींच लिहून ठेविला होता.

मीं ती वही त्याच रात्रीं वाचली, आणि ती मला फार आवडली. घोटाळा येथेंच झाला. एवढ्या मोलाच्या कामाला दोन ओळींचें उत्तर पाठविणें मला उणेपणाचें वाटलें. मोल्सवर्थच्या कोशांत यांतले किती शब्द आले आहेत तें ताडून पाहावें आणि मग सविस्तर लिहावें, असें मीं ठरविलें. महिना गेला. आतां उत्तराबरोबर उशिराबद्दल क्षमा मागणें आलें. तीन महिने गेले. आतां नुसती क्षमा पुरेना. इतक्या विलंबास शोभेल असें विद्वत्तापूर्ण पत्र झालें पाहिजे, असें वाटूं लागलें. सहाव्या महिन्यांत त्या पत्राचा माझ्या मनांत निबंध झाला होता, आणि निबंधाला लागणारी सवड तर मला कधींच नव्हती. वही मेजाच्या खणांत होती. तो खण उघडण्याचेंही मी टाळूं लागलों. दौत-लेखणी दुसऱ्या खणांत हलविली. आठव्या महिन्यांत, आषाढांत, त्यांच्या मुलाचें पत्र आलें. गुरुजी गेले होते. त्या पत्रांत दोष देण्याचा सूर मुळींच नव्हता. सहज म्हणून एक वाक्य लिहिलेलें होतें. पुढच्या भागाच्या चिठ्ठ्या तयार असूनही वडिलांनीं त्या उतरून काढल्या नाहींत, ते म्हणत, “त्याचें उत्तर येऊं दे, मग बघूं.”

पोस्टकार्ड माझ्यापाशीं अजून आहे.

या प्रकाराचा मीं पुढें पुष्कळ विचार केला, आणि पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, राहिलेलें काम आहे तेवढेंच राहत नाहीं. त्याला व्याज चढतें. सावकाराचें व्याज निदान वहींत दिसतें. हें व्याज मनांत चढतें, आणि मुद्दल केवढें होतें याचा आपल्याला विसर पडतो. माझें मुद्दल दोन ओळींचें होतें.

हीच गोष्ट व्यवहारांत पाहावयाची असेल तर आपल्याकडील वारसनोंदीचें उदाहरण घ्यावें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४९ प्रमाणें वारसाहक्कानें जमीन मिळाली म्हणजे तीन महिन्यांच्या आंत, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या तलाठी म्हणत आलों त्या अधिकाऱ्यास, तसें कळवावयाचें असतें. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि एक अर्ज, एवढेंच प्रथम लागतें. मग फेरफाराची नोंद, हितसंबंधियांना नोटीस, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित होणें, असा त्याचा क्रम आहे. तरी पण आजोबांच्या नांवावर राहिलेला सात-बाराचा उतारा ज्यांच्या घरीं आहे असे श्रोते आज थोडे नसतील. वडील वारले तेव्हां तिघांच्या सह्या पुरल्या असत्या. पंधरा वर्षांनीं त्या तिघांतला एक गेलेला असतो, त्याचीं मुलें नागपूरला आणि मुलगी परदेशांत असते, आणि तिघांच्या जागीं अकरा नांवें येतात. अकरांतल्या एकाशीं बोलणें बंद असतें. मग ज्या कामाला एक सकाळ पुरली असती तें दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढूं लागतें.

आतां असा प्रश्न येतो कीं, शहाण्यासुरत्या, हिशेबी माणसांकडूनही हें कां होतें? अर्ज कठीण असतो म्हणून काय? नाहीं. तो अर्ज म्हणजे वडिलांचें नांव कागदावरून कमी करण्याची विनंति असते, आणि ती स्वतःच्या हातानें लिहावयाची असते. वर्षश्राद्ध होईपर्यंत तर विषयही काढवत नाहीं. पुढें विषय काढणें म्हणजे भावाभावांत वाटणीची भाषा काढणें, असें प्रत्येकाला वाटतें. आपण टाळतों तें काम नव्हे. त्या कामाच्या दाराशीं उभी असलेली भावना टाळतों.

मानसशास्त्रांतील अलीकडचा सिद्धान्त हाच आहे. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोघां अभ्यासकांनीं २०१३ सालीं एका निबंधांत असें मांडलें कीं, चालढकल हा मुळांत वेळेच्या हिशेबाचा दोष नसून मनःस्थिति तात्पुरती सावरण्याचा खटाटोप आहे. त्याची रीत अशी. कामाची आठवण झाली म्हणजे मनाला एक बारीकसा चटका बसतो. कोठें कंटाळा असतो, कोठें भीति, कोठें लाज, आणि कोठें ‘हें आपल्याला जमणार नाहीं’ ही शंका. काम बाजूला सारतांच तो चटका थांबतो, आणि हायसें वाटतें. हें हायसें वाटणें म्हणजे मनाला मिळालेली खाऊची पुडी होय. ज्या कृतीबद्दल खाऊ मिळतो ती कृति मूल पुन्हां करतें. मोठ्या माणसाचें मनही तेंच करतें. म्हणून दर वेळीं खण उघडणें अधिक कठीण आणि मिटणें अधिक सोपें होत जातें. यांत विचारशक्तीचा दोष कोठेंच नाहीं. ‘उद्यां मन अधिक प्रसन्न असेल, तेव्हां करूं’, हें वाक्य ऐकावयास किती समंजस वाटतें! फक्त उद्यां येणारा मनुष्य आजचाच असतो, आणि त्याच्या पदरांत एक दिवसाचा उशीर जास्त पडलेला असतो.

‘वेळ अगदीं गळ्याशीं आली म्हणजेच माझें काम उत्तम होतें’, असें अभिमानानें सांगणारे पुष्कळ भेटतात. डायान टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांनीं १९९७ सालीं अमेरिकेंतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास या अभिमानाला पोषक नाहीं. सत्राच्या प्रारंभीं चालढकल करणारे विद्यार्थी खरोखरच इतरांपेक्षां अधिक सुखांत होते. काळजी कमी, प्रकृतीच्या तक्रारी कमी. सत्र संपत आलें तेव्हां पारडें फिरलें. काळजी आणि आजार त्यांच्याच वांट्याला अधिक आले, एकूण बेरीज त्यांच्याच विरुद्ध गेली, आणि गुणही कमी पडले.

दुसरी एक सबब याहून सभ्य आहे. ‘मला काम निर्दोष हवें असतें, म्हणून उशीर होतो.’ मीही आठ महिने हीच सबब मनाशीं घोळवीत होतों. कॅल्गरी विद्यापीठांतील पिअर्स स्टील यांनीं चालढकलीवरील त्या वेळेपर्यंतचे शेंकडों अभ्यास एकत्र करून २००७ सालीं त्यांचा ताळेबंद मांडला. त्यांत निर्दोषतेच्या आग्रहाचा चालढकलीशीं म्हणण्यासारखा संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो कामाच्या नकोसेपणाशीं, यश येईल कीं नाहीं या शंकेशीं, फळ दूर असण्याशीं, आणि मनाच्या उतावळेपणाशीं. उतावळेपणाचें नांव या यादींत पाहून प्रथम नवल वाटतें. उतावळा मनुष्य काम लवकर उरकील असें आपण समजतों. पण हातांतलें काम सोडून समोर चमकलेल्या पहिल्या वस्तूमागें धांवणें हाही उतावळेपणाच आहे. आणि आजकाल प्रत्येकाच्या खिशांत असलेलें दूरध्वनीचें यंत्र अशा वस्तु दर घटकेस पुरवितें.

येथें एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. उशीर हा सर्वथा दोषच आहे काय? महाभारताच्या शांतिपर्वांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत. एका कथेंत तळें आटूं लागलेलें असतां तीन मासे त्यांत असतात. पहिला संकट ओळखून आधींच निघून जातो, दुसरा ऐन वेळीं युक्तीनें सुटतो, आणि तिसरा कोळ्यांच्या हातीं सांपडून मरतो. त्या तिसऱ्याचें नांवच दीर्घसूत्र आहे. पंचतंत्रांत ही कथा आपण यद्भविष्य या नांवानें वाचतों. पण त्याच शांतिपर्वांत पुढें चिरकारीची कथा आहे. गौतम ऋषि रागाच्या भरांत त्याला स्वतःच्या मातेचा वध करण्यास सांगून निघून जातात. चिरकारी स्वभावानेंच सावकाश. पित्याची आज्ञा मोठी कीं मातेचा जीव मोठा, याचा तो शस्त्र हातीं घेऊन विचार करीत राहतो. तिकडे गौतमाचा राग निवळतो. पश्चात्तापानें व्याकुळ होऊन तो धांवत परत येतो, आणि पत्नी जिवंत पाहून मुलाच्या सावकाशपणाची स्तुति करतो.

दोन्ही कथा एकाच पर्वांत आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. मला त्यांतला भेद असा दिसतो : चिरकारी तो सारा वेळ त्याच प्रश्नाचा विचार करीत होता. चालढकल करणारा त्या प्रश्नाखेरीज बाकी सगळ्याचा विचार करतो. रागाचें पत्र एक रात्र उशाशीं ठेवणें हें शहाणपण होय. सांत्वनाचें पत्र ठेवणें नव्हे.

उपायांकडे वळतांना प्रथम एका रूढ कल्पनेचा निरास करावासा वाटतो. आपल्याला वाटतें, आपल्याजवळ सवड नाहीं. भरपूर सवड मिळाली तर सगळीं राहिलेलीं कामें होतील. लोकमान्य टिळकांचें उदाहरण या समजुतीला आधार म्हणून देण्यांत येतें. गीतारहस्याचा खर्डा त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत कांहीं महिन्यांतच लिहून काढला, आणि १९१५ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. तुरुंगांत केसरीचे अग्रलेख नव्हते, सभा नव्हत्या, भेटीस येणारे नव्हते. म्हणून ग्रंथ झाला, असें लोक म्हणतात. परंतु ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनींच सांगितलें आहे कीं, १८७२ सालीं वडिलांच्या अखेरच्या आजारांत त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवितांना या विषयाचा त्यांच्याशीं पहिला परिचय झाला. त्या हिवाळ्यामागें जवळ जवळ अडतीस वर्षांचें मनन होतें, आणि तें सगळें धकाधकीच्या दिवसांतूनच झालें होतें. तुरुंगांतल्या सवडीनें लेखणीला जागा दिली. मजकूर आधींचा होता.

नुसत्या सवडीनें काय होतें तें सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकारानें १९५५ सालीं ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकांतील एका विनोदी लेखांत सांगून ठेविलें आहे. जितका वेळ हाताशीं असेल तितकें काम फुगतें, असें त्याचें म्हणणें. आणि दाखला म्हणून त्यानें एक निरुद्योगी वृद्ध बाई घेतली आहे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवावयाचें, तर कार्ड शोधण्यांत, चष्मा शोधण्यांत, पत्ता शोधण्यांत, मजकूर जुळविण्यांत, आणि पेटीपर्यंत जातांना छत्री घ्यावी कीं न घ्यावी याचा निर्णय करण्यांत तिचा अख्खा दिवस जातो. हा लेख मीं प्रथम वाचला तेव्हां हंसलों नाहीं. माझ्या पोस्टकार्डाला आठ महिने पुरले नव्हते.

तेव्हां सवडीची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. मग करावें काय? जर्मनींतील पीटर गोल्विट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांचा १९९७ सालचा एक प्रयोग मला या बाबतींत फार उपयुक्त वाटतो. नाताळच्या सुट्टीपूर्वीं त्यांनीं विद्यार्थ्यांना सांगितलें कीं, नाताळची आदली संध्याकाळ तुम्हीं कशी घालविली याचा वृत्तान्त तिच्यानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत लिहून धाडावा. सणाच्या दिवसांत कोण लिहितो! अर्ध्या विद्यार्थ्यांना मात्र आणखी एक गोष्ट करावयास लाविली : आपण तो वृत्तान्त नक्की केव्हां आणि कोठें बसून लिहिणार, एवढें त्यांनीं आधीं ठरवून लिहून द्यावयाचें होतें. ज्यांनीं असें कांहीं ठरविलें नव्हतें त्यांच्यांतील सुमारें एक-तृतीयांश मुलांनीं वृत्तान्त लिहिला. ज्यांनीं ठरविलें होतें त्यांच्यांतील जवळ जवळ तीन-चतुर्थांशांनीं लिहिला. इच्छा दोघांचीही होती. फरक पडला तो दिवस, घटका आणि जागा यांचा.

याचें कारण असें दिसतें कीं, ‘या आठवड्यांत लिहीन’ असा संकल्प केला म्हणजे त्या आठवड्याच्या प्रत्येक घटकेस ‘आतां बसूं काय?’ हा प्रश्न नव्यानें उभा राहतो, आणि प्रत्येक वेळीं मन नकोच म्हणतें. ‘गुरुवारीं सकाळीं चहाची कपबशी खालीं ठेवली कीं खिडकीजवळच्या मेजाशीं बसून लिहीन’ असें ठरविलें म्हणजे प्रश्न एकदांच सुटतो. कपबशी खालीं ठेवणें हीच मग आज्ञा होते. आपल्या आजीला हें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. पण दिवेलागण झाली कीं तुळशीपुढें दिवा, यांत तिला दररोज निश्चय करावा लागत नसे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जें करावयाचें तें प्रारंभीं इतकें लहान असावें कीं त्याची लाज वाटावी. ‘वारसनोंद करणें’ हें काम कोणालाही करतां येत नाहीं, कारण तें काम नव्हेच. तें दहा कामांचें गांठोडें आहे. ‘ट्रंकेंतून मृत्यूचा दाखला काढून मेजावर ठेवणें’ हें मात्र काम आहे. तो दाखला मेजावर आला कीं तो आपल्याकडे पाहूं लागतो. मारिया ओव्हसियांकिना या संशोधिकेनें १९२८ सालीं बर्लिनमधील प्रयोगांवरून दाखविलें कीं, माणसाला एखादें काम अर्ध्यावर सोडावयास लाविलें आणि मग मोकळें ठेविलें, तर कोणी न सांगतां, बक्षिसाची आशा नसतां, बहुतेक माणसें त्या अर्धवट कामाकडेच पुन्हां वळतात. न आरंभिलेलें काम आपल्याला दूर लोटतें. आरंभिलेलें काम ओढतें. स्वेटर विणायला घेणाऱ्या बायका हें जाणतात. टांके एकदां सुईवर चढले पाहिजेत.

मोठ्या कामांना मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें रोजची वही लागते. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार तेहतीस वर्षें ब्रिटिश टपालखात्याच्या नोकरींत होता, आणि त्यानें सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याचें आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत त्यानें आपलें सारें गुपित उघड केलें. पहाटे साडेपांचला मेजाशीं बसावयाचें. आपल्याला उठवून कॉफी देण्याबद्दल एका जुन्या नोकरास तो वर्षाला पांच पौंड जादा देई. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशें शब्द लिहावयाचे. शिवाय एक रोजनिशी ठेवून त्यांत त्या दिवशीं किती पानें झालीं तें मांडावयाचें, म्हणजे एखादा दिवस रिकामा गेला तर ती रिकामी ओळ डोळ्यांत खुपावी. पुष्कळ रसिकांना ही कबुली रुचली नाहीं. प्रतिभेचा असा मुनीमी हिशेब त्यांना हिणकस वाटला. मला मात्र ती रिकामी ओळ फार सज्जन वाटते. ती रागावत नाहीं आणि सबबही ऐकत नाहीं.

आपल्याकडे डॉक्टर केतकरांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें प्रचंड काम विभागाविभागानें वर्गणीदारांच्या हातीं देत पुरें केलें, आणि त्या कामाचा इतिहास ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नांवानें १९२७ सालीं लिहिला. तेवीस विभागांचा ग्रंथ एकदम कोणाच्यानेंच होत नाहीं. पुढचा विभाग मागणारा वर्गणीदार दाराशीं उभा असला म्हणजे होतो.

येथपर्यंत सांगितलेल्या युक्त्या नव्या कामाला लागू पडतात. पण ज्या कामावर आधींच व्याज चढून बसलें आहे त्याचें काय? येथें बहुतेक माणसें स्वतःला कठोर शब्दांत दोष देतात, आणि दोष दिल्यानें आपण सुधारूं अशी आशा बाळगतात. कॅनडांतील कार्लटन विद्यापीठांत मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेला अभ्यास याच्या उलट सांगतो. पहिल्या परीक्षेच्या वेळीं अभ्यास लांबणीवर टाकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांनीं स्वतःला त्याबद्दल क्षमा केली, त्यांनीं पुढच्या परीक्षेच्या वेळीं चालढकल कमी केली. मला हें प्रथम लाडावलेपणाचें वाटलें. परंतु मघां सांगितलेला चटका आठवला म्हणजे यांतील मर्म कळतें. आपण स्वतःला जितकें अधिक धारेवर धरावें, तितका त्या कामाच्या दाराशीं उभा असलेला चटका मोठा होतो, आणि तितकें तें दार उघडणें कठीण. मीं आठ महिने स्वतःला पुष्कळ बोल लाविले होते. त्यांतल्या एकाही बोलानें खण उघडला नाहीं.

क्षमा करावयाची ती माणसाला; काम माफ करावयाचें नाहीं. उशीर झालेल्या पत्रापुरतें बोलावयाचें तर माझा आतांचा नियम असा आहे कीं, जितका उशीर अधिक तितकें पत्र लहान. कारणें लिहावयाचीं नाहींत. ‘उशीर झाला, क्षमा असावी’ एवढे चार शब्द, आणि लगेच मजकूर. वाचणाराला आपल्या आठ महिन्यांचा इतिहास नको असतो. त्याला त्याच्या प्रश्नाचें उत्तर हवें असतें.

गुरुजींच्या पुढच्या भागाच्या चिठ्ठ्या त्यांच्या मुलानें एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपून ठेविल्या होत्या. त्या मीं मागवून घ्याव्यात हें मनांत यावयास, आणि मनांत आल्यावर मागवावयास, मला किती वर्षें लागलीं तें सांगत नाहीं. गेल्या वर्षापासून दर मंगळवारीं सकाळीं, चहा झाला कीं, मी त्या डब्यांतल्या दहा चिठ्ठ्या काढून त्यांच्याच वहीच्या पुढें उतरतों. दहाच्या वर उतरावयाच्या नाहींत, आणि कमीही नाहींत. मागच्या महिन्यांत ‘व’ संपला. ‘वावझड’ या शब्दाला त्यांनीं दोन चिठ्ठ्या खर्च केल्या आहेत.

कांहीं चिठ्ठ्यांवर शब्द आहे आणि अर्थाची जागा कोरी आहे. तेथें कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, “खारवीवाड्यांत विचारून लिहावें.” अशा एकतीस चिठ्ठ्या निघाल्या आहेत. त्या मीं वेगळ्या बांधून ठेविल्या आहेत. आणि मंगळवारची सकाळची एस्. टी. तिकडे जाते, तिचें तिकीट काढलें आहे.